पर्यावरणनगर

पर्यावरणनगर : पाणी, ऊर्जा, अन्न व बांधकाम-सामग्री यांचा वापर शक्य तितका कमी करणारे आणि सांडपाणी, केरकचरा व वाया जाणारी उष्णता यांचा शक्य तितका पुनर्वापर करणारे नगर. इंग्रजीतील ‘इको-सिटी’ या संज्ञेसाठी मराठीत पर्यावरणस्नेही नगर, हरितनगर असेही पर्याय वापरले जातात. या संज्ञेची सर्वमान्य व्याख्या अद्याप झालेली नाही. त्यामुळे अभ्यासपूर्वक आखलेल्या नगरांना जसे हे नाव मिळाले, तसे छपरांवर सौरपट्ट आणि प्रवेशद्वाराशी हिरवळ एवढ्याच भांडवलावर उभ्या राहिलेल्या वसाहतींनाही मिळाले. शाश्वत नगरनियोजन ही संज्ञा याहून व्यापक असून तीत अस्तित्वात असलेल्या शहरांच्या सुधारणेचाही अंतर्भाव होतो. हा भेद वरवर शाब्दिक वाटला, तरी गेल्या अर्धशतकातील यशापयशाचा उलगडा बऱ्याच अंशी त्यावरूनच होतो.

नगराचा चयापचय : नगर हे सजीवाप्रमाणे बाहेरून द्रव्य व ऊर्जा घेते आणि मलद्रव्ये बाहेर टाकते. अमेरिकन अभियंते एबल वोलमन यांनी १९६५ मध्ये दहा लक्ष वस्तीच्या एका कल्पित अमेरिकन शहराचा असा दैनिक जमाखर्च मांडला. त्यानुसार अशा शहरात रोज ६,२५,००० टन पाणी, ९,५०० टन इंधन व २,००० टन अन्न येते. तर ५,००,००० टन सांडपाणी, २,००० टन केरकचरा आणि ९५० टन हवाप्रदूषके बाहेर पडतात. अरण्यात एका जीवाचे मलद्रव्य हे दुसऱ्याचे अन्न असते. शहरातील प्रवाह मात्र एकमार्गी असतो, म्हणजे नदीतून पाणी येते व मैला होऊन दुसऱ्या नदीत जाते. हा एकमार्गी प्रवाह चक्राकार करणे हे पर्यावरणनगराचे मूळ उद्दिष्ट होय.

कॅनडातील विल्यम रीस यांनी १९९२ मध्ये या विचारास ‘परिस्थितिकीय पदचिन्ह’ या संकल्पनेची जोड दिली. शहराला पोसण्यासाठी लागणारी शेती, कुरणे, अरण्ये व जलाशय, तसेच त्याने उत्सर्जित केलेला कार्बन डाय-ऑक्साइड शोषून घेण्यास लागणारे वनक्षेत्र यांची बेरीज म्हणजे त्या शहराचे पदचिन्ह. संपन्न शहरांचे पदचिन्ह त्यांच्या नकाशावरील क्षेत्रफळाच्या कित्येक पट भरते. पर्यावरणनगराचे मूल्यमापन करताना हिशेब नगराच्या वेशीपाशी थांबवावयाचा की वेशीबाहेरही न्यावयाचा, हा कळीचा प्रश्न आहे. बहुतेक प्रवर्तक तो वेशीपाशी थांबवितात.

विचाराची वाटचाल : इंग्लंडमधील एबेनीझर हॉवर्ड यांच्या १८९८ मधील ग्रंथात मांडलेली उद्याननगराची कल्पना ही या विचाराची पूर्वपीठिका होय. ६,००० एकर जमीन, पैकी १,००० एकरांत नगर, उरलेली शेती व मोकळ्या जागेसाठी राखीव आणि एकूण ३२,००० लोकसंख्या असे त्यांचे प्रमाण होते. या योजनेचा कणा आर्थिक होता. सर्व जमीन रहिवाशांच्या वतीने विश्वस्तांच्या ताब्यात राहावी, नगर वाढले म्हणजे जमिनीचे वाढलेले मूल्य भाड्याच्या रूपाने नगरालाच मिळावे आणि त्यातून कर्जफेड व लोकोपयोगी कामे व्हावीत, असा त्यांचा आग्रह होता. लेचवर्थ (१९०३) व वेल्विन (१९२०) ही उद्याननगरे प्रत्यक्षात आली आणि त्यांचे अनुकरण जगभर झाले. अनुकरण करणाऱ्यांनी बागा घेतल्या. जमिनीच्या मालकीचा विचार मागे ठेवला. पुढील काळातील पर्यावरणनगरांतही याच निवडीची पुनरावृत्ती झालेली दिसते.

स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ व नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांचा मार्ग निराळा होता आणि भारतीय वाचकास तो अधिक जवळचा आहे. ते १९१४ मध्ये भारतात आले, अनेक शहरांचे अहवाल त्यांनी लिहिले आणि १९१९ ते १९२४ या काळात मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र या विषयांचे ते पहिले प्राध्यापक होते. जुन्या वस्त्या पाडून सरळ रुंद रस्ते काढण्याच्या तत्कालीन अभियंत्यांच्या पद्धतीस त्यांनी विरोध केला. मोडकळीस आलेली मोजकी घरे काढावीत, विहिरी, पार व चौक राखावेत आणि हवा-उजेड आत येऊ द्यावा, अशी त्यांची पद्धत होती. तीस त्यांनी संरक्षक शस्त्रक्रिया असे नाव दिले. हिवतापाच्या भीतीने शहरांतील तळी बुजविण्याचा सपाटा चालू असताना, तळ्यांत मासे व बदके राखली म्हणजे डासांच्या अळ्यांचा बंदोबस्त होतो, असे त्यांनी दाखवून दिले. इंदूरविषयीचा त्यांचा १९१८ चा विस्तृत अहवाल आजही वाचनीय आहे. ‘पर्यावरणनगर’ हा शब्द त्यांच्या काळी नव्हता. परंतु शहराची सुधारणा त्याच्या पाण्यापासून व तेथे राहणाऱ्या माणसांपासून सुरू करावी, हा विचार त्यांच्याइतक्या स्पष्टपणे नंतर फार थोड्यांनी मांडला.

पर्यावरणनगर ही संज्ञा रूढ करण्याचे श्रेय मुख्यतः अमेरिकेतील रिचर्ड रजिस्टर यांना दिले जाते. त्यांनी सहकाऱ्यांसमवेत १९७५ मध्ये बर्कली येथे नागरी परिस्थितिकीचा पुरस्कार करणारी संस्था काढली आणि १९८७ मध्ये बर्कली शहराच्या पुनर्रचनेवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. पायी चालता येईल अशी दाट वस्ती, मोटारींची कमीत कमी गरज आणि गाडले गेलेले ओढे पुन्हा उघडे करणे ही त्यांच्या विचाराची प्रमुख सूत्रे होत. याच वर्षी ब्रंटलंड आयोगाने शाश्वत विकासाची संकल्पना जगापुढे ठेवली व १९९२ च्या रीओ परिषदेनंतर ती शासकीय परिभाषेचा भाग झाली. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ही बहुतांशी नागरिकांची व अभ्यासकांची चळवळ होती. २००० नंतर शासने, गुंतवणूकदार व आंतरराष्ट्रीय सल्लागार संस्था तीत उतरल्या आणि तिचे स्वरूप पालटले.

कोऱ्या जागेवरील नगरे : या नव्या पर्वातील सर्वाधिक गाजलेला प्रकल्प म्हणजे चीनमधील डोंगटान. शांघायनजीक यांगत्सी नदीच्या मुखाशी चोंगमिंग बेटावर ८६ चौ. किमी. क्षेत्रात हे नगर वसविण्याचे काम २००५ मध्ये एका ब्रिटिश अभियांत्रिकी संस्थेकडे सोपविण्यात आले. २०१० च्या जागतिक प्रदर्शनापर्यंत पहिला टप्पा आणि २०५० पर्यंत पाच लक्ष वस्ती असे उद्दिष्ट होते. प्रकल्पाचा पाठीराखा असलेला शांघायमधील पक्षप्रमुख २००६ मध्ये भ्रष्टाचाराच्या आरोपावरून पदच्युत झाला, परवानग्यांची मुदत टळली आणि नगर कागदावरच राहिले. बेटाला जोडणारा पूल व बोगदा मात्र २००९ मध्ये खुला झाला. नियोजित जागा स्थलांतरित पक्ष्यांच्या महत्त्वाच्या पाणथळीला लागून होती. जगातील पहिले पर्यावरणनगर अशी ज्याची प्रसिद्धी झाली, ते न झाल्याने त्या पक्ष्यांचे फारसे नुकसान झाले नसावे.

याहून लहान, पण अधिक बोधप्रद उदाहरण चीनच्याच ल्याओनिंग प्रांतातील ह्वांगबाइयू या खेड्याचे आहे. एका ख्यातनाम अमेरिकन वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार तेथे ४०० घरांचे आदर्श पर्यावरणग्राम व्हावयाचे होते. प्रत्यक्षात ४२ घरे बांधली गेली. घरांना मोटारी ठेवण्याची जागा होती, परंतु गावकऱ्यांकडे मोटारी नव्हत्या. अंगणे इतकी आखूड होती की, जनावरे पाळणे अशक्य झाले. जैववायूसाठी मक्याची ताटे वापरावयाची, असे ठरले होते. ती ताटे तर शेळ्यांचा हिवाळ्यातील चारा. आराखड्यात एका ठिकाणी ‘कचरा’ म्हणून नोंदलेली वस्तू गावकऱ्याच्या संसारात कचरा नव्हतीच. प्रवाह चक्राकार करावयास निघालेल्यांनी तेथे आधीपासून फिरत असलेले चक्र पाहिले नाही.

अबू धाबीनजीकच्या मसदर नगराची घोषणा २००६ मध्ये झाली. सु. ६ चौ. किमी. क्षेत्र, ५०,००० रहिवासी, २,२०० कोटी डॉलर खर्च, शून्य कार्बन-उत्सर्जन, शून्य कचरा आणि २०१६ पर्यंत पूर्तता असा संकल्प होता. जुन्या अरब शहरांप्रमाणे अरुंद व सावलीच्या गल्ल्या, वाऱ्याच्या दिशेचा विचार आणि जाड भिंती यांमुळे बांधलेल्या भागात उष्मा जाणवण्याइतका कमी होतो. वास्तुशास्त्रीय दृष्ट्या हे यश निर्विवाद आहे. परंतु संपूर्ण नगराखालून धावणाऱ्या चालकरहित वाहनांची योजना एका छोट्या मार्गापुरती उरली, पूर्ततेची मुदत प्रथम २०२० ते २०२५ व नंतर २०३० पर्यंत लांबली आणि ‘शून्य उत्सर्जन’ या शब्दांची जागा ‘अल्प उत्सर्जन’ या शब्दांनी घेतली. खनिज तेलाच्या उत्पन्नातून, विमानतळाशेजारी आणि समुद्राचे पाणी गोडे करून भागविलेल्या तहानेवर उभ्या असलेल्या या नगराचा हिशेब वेशीपाशी थांबविला, तरच तो जुळतो.

चीन व सिंगापूर यांच्या २००७ च्या करारातून साकारलेले त्येनजिन पर्यावरणनगर हे या प्रकारातील सर्वांत पुढे गेलेले नगर होय. शेतजमीन न घेता मिठागरे, ओसाड किनारा व औद्योगिक सांडपाण्याचे डबके असलेली सु. ३० चौ. किमी. जागा मुद्दाम निवडण्यात आली. डबक्यातील विषारी गाळ काढून तेथे तळे करण्यात आले. हे काम खरोखर मोलाचे आहे. नगरासाठी मोजता येण्याजोगे निकष आधीच जाहीर करण्यात आले. त्यांत २० टक्के ऊर्जा नवीकरणीय साधनांपासून, ९० टक्के प्रवास पायी, सायकलीने वा सार्वजनिक वाहनांनी आणि २० टक्के घरे अनुदानित यांचा समावेश होता. तथापि साडेतीन लक्ष वस्तीचे उद्दिष्ट असताना दहा वर्षांनंतर, २०१८ च्या सुमारास, वस्ती एक लक्षाच्या आसपास होती. रुंद रस्ते आणि सु. ४०० मीटर बाजूंचे प्रचंड चौक ही सर्वसाधारण चिनी उपनगराचीच रचना येथेही आहे. ९० टक्के लोकांनी पायी वा सायकलीने जावे, यासाठी ती अनुकूल नाही. निकष लिहिणारे आणि रस्ते आखणारे यांची गाठ पडली नसावी, अशी शंका येते.

हिशेबातील त्रुटी : या सर्व प्रकल्पांत एक खर्च सहसा नोंदला जात नाही, तो म्हणजे नगर बांधण्याचाच. मानवनिर्मित कार्बन डाय-ऑक्साइडाच्या एकूण उत्सर्जनापैकी सु. ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंट उत्पादनातून होते. पोलाद, काच व ॲल्युमिनियम यांची भर वेगळीच. नवी इमारत वापरात कितीही काटकसरी असली, तरी तिच्या उभारणीतील हे उत्सर्जन आरंभीच होऊन जाते आणि ते भरून निघण्यास अनेक वर्षे लागतात. त्यामुळे चांगल्या स्थितीतील जुनी इमारत दुरुस्त करून वापरणे हे पुष्कळदा नव्या हरित इमारतीपेक्षा लाभदायक ठरते. दुसरी त्रुटी प्रवासाची. पीटर न्यूमन व जेफ्री केनवर्दी यांनी जगातील ३२ शहरांच्या तुलनेतून १९८९ मध्ये दाखविले की, वस्तीची घनता जसजशी कमी, तसतसा दरडोई पेट्रोलचा खप जास्त. शहरापासून दूर, विरळ वस्तीच्या हरित वसाहतीत राहून रोज मोटारीने कामावर जाणारे कुटुंब घरात वाचविलेली ऊर्जा रस्त्यावर खर्च करते.

जुन्या शहरांची पुनर्रचना : ज्या ठिकाणी खरी प्रगती झाली, ती बहुतेक जुनी शहरे आहेत आणि तेथे दशकानुदशके काम चालले. ब्राझीलमधील कुरितिबा शहराने १९६५ मध्ये स्वतःची नियोजन संस्था स्थापली, १९७४ पासून बसगाड्यांसाठी स्वतंत्र मार्गिका काढल्या आणि उंच व दाट बांधकामास केवळ या मार्गांच्या कडेलाच मुभा दिली. भुयारी रेल्वेच्या खर्चाच्या अल्पांशात हे साधले. पुराचे पाणी काँक्रीटच्या नाल्यांतून वाहून नेण्याऐवजी नदीकाठची सखल जमीन घेऊन तेथे उद्याने व तळी करण्यात आली. कचऱ्याच्या गाड्या जाऊ शकत नाहीत अशा गरीब वस्त्यांतील लोकांनी कचरा आणून द्यावा व त्या बदल्यात बसची तिकिटे किंवा भाजीपाला न्यावा, ही योजनाही तेथीलच. वास्तुविशारद झाइमे लेर्नर हे तीनदा महापौर होते, हे सातत्य महत्त्वाचे. मात्र पहिल्या दोन खेपेस त्यांची नेमणूक लष्करी राजवटीच्या काळात झाली होती, हे गुणगान करणारे बहुधा सांगत नाहीत. शहराची कीर्ती व जमिनीचे भाव बरोबरीने वाढले आणि अल्प उत्पन्नाचे लोक भोवतालच्या नगरपालिकांच्या हद्दीत ढकलले गेले. हद्दीच्या आतील आकडे त्यामुळे आणखीच सुधारले.

जर्मनीतील फ्रायबुर्क शहराचा फोबान हा विभाग फ्रेंच सैन्याने १९९२ मध्ये सोडलेल्या छावणीवर वसला आहे. सु. ३८ हेक्टरांत सु. ५,५०० लोक राहतात. जमीन प्रथम नगरपालिकेने विकत घेतली व नंतर लहानलहान भूखंड पाडून बव्हंशी रहिवाशांच्या गटांना दिली. या गटांनी आपापली घरे स्वतः आखून घेतली. मोटार बाळगणाऱ्यास वसाहतीच्या कडेच्या वाहनतळावर जागा विकत घ्यावी लागते. मोटारीचा खरा खर्च असा डोळ्यांसमोर आला म्हणजे पुष्कळ कुटुंबे ती न बाळगण्याचा निर्णय घेतात. फ्रायबुर्कच्या या जागरूकतेचे मूळ जवळच्या व्यूल येथील नियोजित अणुवीज केंद्राविरुद्ध १९७५ मध्ये शेतकरी व नागरिकांनी केलेल्या यशस्वी आंदोलनात आहे. स्टॉकहोममधील हामार्बी शोस्ताद या विभागात मैलापाण्यातून जैववायू व उष्णता आणि कचऱ्यातून वीज मिळविण्याची उत्तम साखळी उभारण्यात आली. तरीही इमारतींसाठी ठरविलेले ऊर्जावापराचे उद्दिष्ट बहुतेकांना गाठता आले नाही. दोन्ही ठिकाणी घरे महाग आहेत.

भारत : भारतातील सर्वांत लक्षणीय उदाहरण कोणी पर्यावरणनगर म्हणून आखलेलेच नाही. कोलकात्याच्या पूर्वेस सु. १२,५०० हेक्टर पाणथळ प्रदेशात शहराचे मैलापाणी कालव्यांतून ‘भेडी’ नावाच्या उथळ तलावांत सोडतात. सूर्यप्रकाश, शैवले व जंतू यांच्या क्रियेने काही दिवसांत ते शुद्ध होते, त्यात मासे वाढतात आणि उरलेले पाणी भातशेती व भाजीमळ्यांना मिळते. ही व्यवस्था विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मच्छीमार व शेतकऱ्यांनी अनुभवातून घडविली. वोलमन यांच्या जमाखर्चातील एकमार्गी प्रवाह येथे यंत्राशिवाय व वीज न जाळता चक्राकार झाला आहे. राज्य शासनातील अभियंते ध्रुबज्योती घोष (१९४७–२०१८) यांनी तिचा अभ्यास करून तिचे मोल जगासमोर आणले; १९९२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने या क्षेत्रातील भरावास आळा घातला आणि २००२ मध्ये त्याची रामसर स्थळांत नोंद झाली. याच पाणथळीचा एक मोठा भाग १९६० नंतर हुगळीतील गाळाने भरून त्यावर सॉल्ट लेक हे नियोजित नगर वसविण्यात आले होते. रुंद रस्ते व उद्याने यांमुळे ते आदर्श नगर गणले गेले.

महाराष्ट्रात नवी मुंबईची कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये मांडली आणि १९७० मध्ये ‘सिडको’ची स्थापना झाली. सु. ३४४ चौ. किमी. क्षेत्रातील ९५ गावांची जमीन अधिसूचित झाली. जमिनीचे वाढणारे मूल्य नगरालाच मिळावे, हे हॉवर्ड यांचे सूत्र येथे स्वीकारले गेले. परंतु मूळ खातेदारांचा त्यातील वाटा आरंभी विचारात घेतला गेला नाही. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातील शेतकऱ्यांच्या आंदोलनावर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील या लढ्यामुळे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण आले. पुणे जिल्ह्यातील मोसे खोऱ्यात, वरसगाव धरणाच्या काठी उभारलेले लवासा हे खाजगी डोंगरी नगर याच्या दुसऱ्या टोकाचे उदाहरण होय. नियोजित नगर म्हणून त्याचे कौतुक झाले. २०१० मध्ये पर्यावरणविषयक परवानगीअभावी केंद्र शासनाने बांधकाम थांबविले, पुढील वर्षी अटींसह परवानगी मिळाली आणि २०१८ मध्ये प्रकल्प दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. डोंगरउतारावरील माती व धरणातील पाणी यांच्याशी खेळण्याची मुभा एका कंपनीस मिळाली, तर तोटा झाल्यावर ती दुरुस्ती कोणी करावयाची, हा प्रश्न त्यातून उभा राहिला.

केंद्र शासनाच्या २०१५ मधील ‘स्मार्ट सिटी’ योजनेत १०० शहरे निवडली गेली व २०२५ मध्ये योजना संपली. तिच्या खर्चाचा मोठा भाग प्रत्येक शहरातील एका निवडक क्षेत्राच्या विकासासाठी होता. शहराचे पाणी व मैला मात्र क्षेत्र पाहून वाहत नाहीत. त्या मानाने पुणे महानगरपालिकेने कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी २००८ मध्ये केलेला करार कमी गाजला. दारोदार जाऊन कचरा वेगळा करून घेणाऱ्या, बहुसंख्येने स्त्रिया असलेल्या या संस्थेच्या सभासदांमुळे पुनर्वापराचे जे काम होते, ते हामार्बीत भूमिगत निर्वात नळांनी होते. कोणती पद्धत अधिक पर्यावरणस्नेही, हे ठरविताना नळांचा खर्च जसा मांडावा लागेल, तसा या स्त्रियांच्या आरोग्याचा व मिळकतीचाही मांडावा लागेल.

नवी मुंबईच्या रचनेतील एक घटक या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. नगराचा बराच भाग भरतीच्या पातळीखाली असल्याने डच पद्धतीवर आधारित धारण तलाव खाडीकाठी खोदण्यात आले. भरतीच्या वेळी झडपा मिटून खाडीचे पाणी बाहेर राहते, पावसाचे पाणी तलावात साठते व ओहोटीला झडपा उघडून ते निघून जाते. मुंबई पाण्याखाली गेली असतानाही नवी मुंबईला अनेकदा जी उसंत मिळाली, तीत या तलावांचा वाटा आहे. परंतु वर्षानुवर्षे गाळ न काढल्याने ते उथळ झाले आणि त्यांत खारफुटी वाढली. खारफुटीला न्यायालयाच्या आदेशाने संरक्षण आहे. त्यामुळे गाळ काढावयाचा तर ती तोडण्याची परवानगी न्यायालयाकडे मागावी लागते. एकीकडे पूर रोखणारा तलाव व दुसरीकडे किनारा राखणारी खारफुटी, असा हा पेच आराखड्यात कोठेही नव्हता. तो देखभालीच्या हयगयीतून निर्माण झाला. दरम्यान त्याच परिसरात विमानतळासाठी उलवे येथील टेकडी सपाट करून उलवे नदीचे पात्र वळविण्यात आले आहे आणि भोवतालच्या गावांत पावसाळ्यात पाणी शिरल्याच्या तक्रारी होत आल्या आहेत.